खात्यावर कोर्टाची टाच

मार्च २०१७. अमृतसरहून दिल्लीला निघालेली स्वर्ण शताब्दी एक्स्प्रेस लुधियाना स्टेशनात आली, तेव्हा फलाटावर प्रवाशांबरोबर कोर्टाचा माणूसही उभा होता. त्याच्याकडे जप्तीचा हुकूम होता आणि जप्त करायची होती ती गाडीच. लुधियाना-चंदीगड रेल्वेमार्गात जमीन गेलेल्या एका शेतकऱ्याचा वाढीव मोबदला, सुमारे एक कोटी रुपये, रेल्वेने थकवला होता. कोर्टाने सांगूनही पैसे मिळेनात, तेव्हा कोर्टाने गाडीच जप्त करायला सांगितलं. शेवटी रेल्वेच्या एका अभियंत्याने सुपूर्तनामा लिहून दिला आणि काही मिनिटांत शताब्दी दिल्लीकडे मार्गस्थ झाली.

बातमी देशभर गाजली. पण शताब्दी जप्त करून त्या शेतकऱ्याने तिचं करायचं काय? आपल्याकडेही भूसंपादनाचा मोबदला थकला की बेलीफ जिल्हाधिकारी कार्यालयात जातो आणि साहेबांची गाडी, खुर्च्या, संगणक जप्त करतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. खुर्च्या विकून कुणाचा मोबदला फिटत नाही, हे मोबदला मागणाऱ्याच्या वकिलालाही ठाऊक असतं. इभ्रतीला धक्का लागला की फाइल हलते, एवढाच त्यातला हिशोब. खरोखर पैसे हातात पडायला हवे असतील, तर दिवाणी कोर्टात मुरलेला वकील पक्षकाराला आधी एक प्रश्न विचारतो: समोरच्याचं खातं कुठल्या बँकेत आहे?

दावा जिंकला म्हणजे पैसे मिळाले, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. जिंकणाऱ्याच्या हाती येतो तो हुकूमनामा. अमुकने तमुकला इतके रुपये व्याजासह द्यावेत, असं लिहिलेला कागद. तमुकला पैसे मिळाले की नाही, हे कोर्ट आपण होऊन पाहत नाही. न मिळाल्यास पुन्हा त्याच कोर्टात दुसरा अर्ज द्यावा लागतो. महाराष्ट्रातल्या कोर्टात त्याला दरखास्त म्हणतात आणि तिला दाव्यासारखाच स्वतंत्र नंबर पडतो. हुकूमनामा मिळाल्यावरच हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात, असं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शहा विरुद्ध जिनेंद्रकुमार गांधी या निकालात त्याच शेऱ्याची आठवण काढली आणि दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, असं खालच्या कोर्टांना बजावलं. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने देशभरातून आकडे मागवले, तेव्हा सुमारे ८ लाख ८२ हजार दरखास्ती तुंबलेल्या निघाल्या. त्यातल्या ३ लाख ४१ हजारांच्या आसपास एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या होत्या. या यादीत आपला पहिला नंबर होता, आणि दुसऱ्या नंबरावरचा तमिळनाडू लाखाच्याही आत होता.

घरातलं सामान जप्त करायला गेलं तर बेलीफाला दार उघडत नाहीत. जमीन विकायला काढली तर भाऊबंद हरकत घेऊन उभे राहतात. बँकेचं तसं नसतं. तिला या भांडणात काही रस नसतो, कोर्टाचा कागद आला की ती मुकाट पैसे बाजूला काढते. कायद्याच्या नजरेने पाहिलं तर खात्यातले पैसे तुमचे नसतातच. ते बँकेचे असतात आणि बँक तुमची तेवढ्या रकमेची देणेकरी असते. इंग्लंडमध्ये १८४८ साली फोली विरुद्ध हिल या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने हे तत्त्व पक्कं केलं आणि आजची आपली बँकिंगची घडी त्याच्यावरच बसलेली आहे. म्हणजे साखळी अशी: तुम्ही सावकाराचे देणेकरी, बँक तुमची देणेकरी. कोर्ट मधला दुवा वगळतं आणि बँकेला सांगतं, याला द्यायचे ते परस्पर कोर्टात भर. ज्याच्याकडून असं परस्पर वसूल करायचं त्या त्रयस्थाला दिवाणी कोर्टात गार्निशी म्हणतात. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश २१ मध्ये त्यासाठीचे ४६-अ ते ४६-आय हे नियम १९७६ च्या दुरुस्तीने आले.

गार्निशी बँकच असायला हवी असंही नाही. २०२१ च्या अखेरीस कॅनडातल्या क्वेबेकच्या कोर्टाने भारत सरकारकडून येणं असलेल्या देवास कंपनीच्या परदेशी भागधारकांच्या अर्जावरून चक्क एअर इंडिया आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या पैशांवर टाच आणली. हे पैसे होते माँट्रियलच्या आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेकडे. ही संघटना विमान कंपन्यांसाठी तिकिटांचे आणि प्राधिकरणासाठी हवाई मार्गाच्या शुल्काचे पैसे गोळा करते. म्हणजे देणेकरी भारत सरकार आणि पैसे अडकले तिसऱ्याच संस्थेकडे, तिसऱ्याच देशात. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडियावरची जप्ती उठली आणि प्राधिकरणावरची निम्म्यावर आली.

आता शाखेत काय घडतं ते पाहू. बेलीफ पाकीट घेऊन येतो. आवक टेबलावरचा कर्मचारी शिक्का मारतो आणि तारखेच्या शेजारी वेळही लिहितो. अकरा चाळीस. ही वेळ फार मोलाची, कारण हुकूम हाती पडला त्या क्षणी खात्यात जे शिल्लक असेल त्यावरच टाच बसते. अकरा दहाला वटलेला चेक वटला तो वटला. बारा वाजता आलेला चेक परत जातो. दुसऱ्या दिवशी कुणी त्या खात्यात पैसे भरले, तर बँकिंगच्या रूढ नियमानुसार ते जुन्या हुकुमात अडकत नाहीत, त्यासाठी नवा हुकूम लागतो. म्हणूनच हुशार दरखास्तदार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हुकूम बजावून घेतो. अधिकारी संगणकावर त्या रकमेवर लिअन टाकतो, म्हणजे ती अडवून ठेवतो, आणि खातेदाराच्या फोनवर संदेश जातो. पुष्कळांना आपल्यावर टाच आल्याचं पहिल्यांदा कळतं ते या संदेशातून, किंवा किराणा दुकानात यूपीआय अडकल्यावर.

सगळ्याच खात्यांवर टाच बसते असं नाही. कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्टच्या खात्यात देणं उलट्या बाजूला असतं. न वापरलेली मर्यादा म्हणजे खातेदाराचे पैसे नव्हेत, त्यामुळे तिथे जप्त करायला काही नसतं. मुदत ठेव मात्र सापडते. तिची मुदत संपली नसली तरी कधी ना कधी ती द्यायचीच असते. हुकूमनामा एकट्या नवऱ्यावर आणि खातं नवराबायकोचं संयुक्त असेल, तर बँका सहसा त्या खात्याला हात लावत नाहीत. आयकर खात्याचा हिशोब वेगळा आहे. आयकर कायदा संयुक्त खात्यात सगळ्यांचे वाटे समान धरतो, आणि तसं नसल्याचं दाखवायची जबाबदारी खातेदारांवर टाकतो.

बँकेने हुकूम मिळाल्यावर गप्प बसायचं ठरवलं तर? तर हुकूमनामा जणू बँकेवरच झालाय असं समजून तिच्याकडून वसुली होते. त्यामुळे शाखाधिकाऱ्याकडे गयावया करण्यात अर्थ नसतो. खातं त्याने अडकवलेलं नसतं आणि त्याला ते मोकळंही करता येत नाही.

सावकाराला खातं सापडतं कसं, ही वकिली कसबाची बाब. जुना चेक, बिलाच्या तळाशी छापलेला खाते क्रमांक, पूर्वी केलेल्या पेमेंटची नोंद, असे धागे असतात. काहीच हाती नसेल तर आदेश २१ चा नियम ४१ कामी येतो. हुकूमनाम्याची रक्कम तीस दिवसांत फिटली नाही, तर देणेकऱ्याला आपल्या मालमत्तेची यादी प्रतिज्ञापत्रावर द्यायला कोर्ट सांगू शकतं. हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग. पैसे देता आले नाहीत म्हणून तुरुंग आणि मालमत्ता लपवली म्हणून तुरुंग यांत फरक आहे. निव्वळ ऐपत नाही म्हणून कुणाला आत टाकता येणार नाही, हे न्या. कृष्णा अय्यर यांनी १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस निकालात सांगितलं. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक करायला तर संहितेनेच मनाई केली आहे.

आता बँकेच्या त्या संदेशाने दचकलेल्या माणसाची बाजू. ‘मला कोर्टाची तारीखच कधी आली नाही,’ असं तो म्हणतो, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. समन्स जुन्या पत्त्यावर गेलेलं असतं, एकतर्फी निकाल लागलेला असतो. निकालापासून दोन वर्षांच्या आत दरखास्त लावली, तर जप्तीआधी देणेकऱ्याला नोटीस द्यायचं बंधन सहसा नसतं. ती दिली तर माणूस त्याच दुपारी पैसे काढून मोकळा होईल, हे त्यामागचं व्यवहारी कारण.

अशी नकळत टाच येण्याचा दुसरा मार्ग लवादाचा. गाडीचं किंवा वैयक्तिक कर्ज देताना वित्त कंपन्या करारात बारीक अक्षरात लवादाचं कलम घालतात. हप्ते थकले की भलत्याच शहरात बसलेला लवाद निवाडा देतो. हा निवाडा कायद्याने हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो, आणि २०१८ च्या सुंदरम फायनान्स निकालानंतर तर देणेकऱ्याची मालमत्ता जिथे असेल तिथल्या कोर्टात थेट दरखास्त लावता येते. साध्या हुकूमनाम्याचं तसं नाही. नागपूरच्या कोर्टाला पुण्यातलं खातं जप्त करायचं तर हुकूमनामा आधी पुण्याला पाठवावा लागतो.

तिसरा मार्ग खास महाराष्ट्राचा: एकशेएकचा दाखला. राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली पतसंस्था किंवा सहकारी बँक थकबाकीसाठी दिवाणी कोर्टात न जाता निबंधकाकडे जाते. तिथे वसुलीचा दाखला मिळाला की संस्थेचा वसुली अधिकारी थेट जप्तीच्या मागे लागतो. गृहनिर्माण सोसायटीच्या थकलेल्या मेंटेनन्सलाही असाच दाखला निघतो. पूर्वी तो याच कलमाखाली निघत असे, आता कलम १५४-ब-२९ खाली निघतो. दाखल्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायचा तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते, आणि तिथेच पुष्कळांचा दम संपतो. यात सगळ्यात जास्त भरडला जातो तो जामीनदार. सहकाऱ्याच्या पतसंस्थेच्या कर्जावर चहा पिता पिता सही केलेला शिक्षक किंवा एसटीचा वाहक. आधी कर्जदाराकडे जा, मग माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, हे भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ मध्ये लिहिलंय. सावकाराने आधी जामीनदाराला धरलं तरी चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या १९६८ च्या निकालात स्पष्ट केलं. कर्जदार नामानिराळा राहतो, कारण त्याच्या खात्यात काही नसतं. जामीनदाराच्या खात्यात दर महिन्याला पगार येतो.

इथे या सगळ्या व्यवस्थेतली गोम आहे. देणेकऱ्याला कंगाल करू नये, हे कायद्यानेही मानलंय. संहितेचं कलम ६० काय काय जप्त करता येत नाही त्याची यादी देतं आणि ती वाचताना १९०८ चा संसार डोळ्यांपुढे उभा राहतो. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं आणि राहतं घर, धर्माचारानुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्र. पुढे पैशांची यादी येते: निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विम्याची रक्कम. मजुराची आणि घरकाम करणाऱ्या बाईची मजुरी तर संपूर्ण सुरक्षित. पगारातले पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. म्हणजे ३१ हजार पगार असेल तर एक हजार बाजूला, तीस हजारांतले वीस हजार बाजूला, दहा हजारांवर टाच. हा पहिल्या एक हजाराचा आकडा २००२ पासून लागू आहे. तेव्हाच्या हजारात महिन्याचा किराणा भरता येई. आज आठवड्याची भाजी आणि गॅस सिलिंडर एकदम आला तर हजाराची नोट असती तरी पुरली नसती, पण आकडा बदलायचं कुणाच्या मनात आलेलं नाही. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी मात्र सवलत आखडती आहे, तिथे पगाराचा एक तृतीयांशच वाचतो.

ही यादी पैसा कुठून आला ते पाहते. बँकेचा संगणक फक्त शिल्लक पाहतो. पेन्शन, पगार, मुलाने पाठवलेले पैसे, विकलेल्या म्हशीचे पैसे, सगळे खात्यात पडले की एकच आकडा होतो. सुरक्षित काय आणि जप्तीयोग्य काय, हे बँकेने ठरवावं अशी सक्ती आपल्याकडे नाही, आणि हुकुमाला बांधलेला अधिकारी ती जोखीम कशाला घेईल? सर्वोच्च न्यायालयाची भूमिका देणेकऱ्याच्या बाजूची आहे. राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात निवृत्तीनंतर मिळालेले पैसे मुदत ठेवीत ठेवले होते. ते हाती आले, ठेवीत गेले, म्हणून त्यांचं पेन्शन-ग्रॅच्युइटीपण संपत नाही आणि संरक्षण जात नाही, असं न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं. पण हा निकाल सत्तर वर्षांच्या पेन्शनराला खात्यावर टाच आल्यानंतर उपयोगी पडतो. त्याने वकील गाठायचा, पासबुकाच्या नोंदी आणि पेन्शन आदेशाची प्रत जोडायची, अर्ज द्यायचा, समोरच्याचं म्हणणं येईपर्यंत तारखा घ्यायच्या. तोवर बीपीच्या गोळ्या उधारीवर.

अमेरिकेत हाच पेच होता. तिथे खात्यावर टाच आणण्याचा मार्ग सावकार सर्रास वापरतात आणि म्हाताऱ्यांचं सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन अडकू लागलं, तेव्हा सरकारने बँकांनाच कामाला लावलं. मे २०११ पासूनच्या नियमाप्रमाणे कोर्टाचा कागद आला की बँकेने आधी त्या खात्याचे मागचे दोन महिने तपासायचे, संघराज्य सरकारकडून थेट जमा झालेले लाभ मोजायचे आणि तेवढी रक्कम खातेदाराच्या हातात मोकळी ठेवायची. खातेदाराला अर्जही करावा लागत नाही. आपल्याकडे पेन्शनचा प्रत्येक जमा व्यवहार संगणकात वेगळ्या नावाने नोंदला जातो. तेव्हा असा नियम इथे करायला तांत्रिक अडचण सांगता येणार नाही.

तोवर करायचं काय? पहिली गोष्ट, टाच कुणी आणली ते शाखेतून लेखी घ्यायचं: कोर्टाचं नाव, दरखास्तीचा नंबर, रक्कम. कारण खातं अडकण्याची कारणं आता बरीच आहेत. सायबर फसवणुकीतला पैसा फिरत फिरत तुमच्या खात्यात आला असेल तर पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली ते गोठवलेलं असतं. जीएसटीची थकबाकी असेल तर जीएसटी विभागाचा हुकूम असतो. तिथले दरवाजे वेगळे. दिवाणी दरखास्त असेल तर ई-कोर्ट्‌सच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की सगळा इतिहास दिसतो. निकाल एकतर्फी असेल तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज निकालाच्या तारखेपासून, आणि समन्सच नीट बजावलं गेलं नसेल तर निकाल कळल्यापासून, तीस दिवसांच्या आत व्हायला हवा. हे तीस दिवस बँकेत हेलपाटे घालण्यात संपतात, हे नेहमीचं. रक्कम खरोखर देणं असेल तर हप्ते बांधून घेता येतात, पण निकालानंतर त्याला समोरच्याची संमती लागते. ती मिळणं वाटतं तितकं अवघड नसतं, कारण दरखास्तदारही तारखांना कंटाळलेला असतो. आणि वसुलीचा माणूस फोनवर ‘उद्या तुमचं खातं अटॅच करतो’ म्हणत असेल, तर त्याच्याकडे केस नंबर मागावा. कर्ज देणारी बँक तिच्याचकडे असलेल्या तुमच्या ठेवीतून वळतं करून घेऊ शकते. दुसऱ्या बँकेतल्या खात्याला कोर्टाच्या किंवा कायद्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय तिला हात लावता येत नाही.

आणि पलीकडे तो दरखास्तदार. तो दर वेळी बडी बँकच असतो असं नाही. बिल बुडालेला फर्निचरवाला असतो, अपघाताच्या भरपाईसाठी फेऱ्या मारणारी विधवा असते. बेलीफ शाखेत जाऊन येतो आणि बँकेचं उत्तर कोर्टात दाखल होतं: खात्यात शिल्लक रुपये दोनशे चौदा. मग ती दरखास्त तशीच निकाली निघते. हुकूमनामा मात्र बारा वर्षं जिवंत असतो आणि त्यावर व्याज चढत राहतं. या बारा वर्षांत देणेकऱ्याचं नवं खातं, नवी नोकरी, वडिलांच्या वाटणीचे पैसे, काहीही कानावर आलं की पुन्हा दरखास्त लावता येते. म्हणून कोर्टाच्या आवारात काही पक्षकार दर दोन-तीन वर्षांनी दिसतात. हातात तीच फाइल, वर नवा खाते क्रमांक लिहिलेली चिठ्ठी.